चौदा मागण्या, एक सही

खोरवाडी, ता. जिंतूर
१२ जानेवारी

रंगनाथराव,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंत तर न फोडताच चुलीत घालाल, म्हणून पत्ता पोस्टातल्या बाईंकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहे तर वाचा. मी पंडित. जिंतूरच्या खोलीत तीन वर्षं तुमच्यासोबत एका स्टोव्हवर पिठलं खाल्लेला.

फोन लावून पाहिला होता. एकदा वाजतो आणि कटतो. समजायचं ते समजलो. पत्ता तुमच्या निकितानं दिला. परभणीच्या स्टँडवर भेटली, पेडगावच्या शाळेवर आहे म्हणाली. आधी काका काका करून बोलली, नाव सांगितल्यावर गप्प झाली. तरी पत्ता दिला. पोरगी वहिनींवर गेली, तुमच्यावर नाही.

जिंतूरहून सोनपेठ म्हणजे काही दिल्ली नाही, एसटीनं अर्ध्या दिवसाची वाट. पण तुम्ही दारातून माघारी लावलंत तर परतीच्या बसमध्ये तोंड कुठं लपवू? कागदाला तोंड नसतं, म्हणून कागद पाठवायलोय.

मी अजून खोरवाडीच्या जनावरांच्या दवाखान्यातच आहे. तुम्ही बसायचात त्याच खुर्चीत, फक्त तिचा एक पाय बदललाय. कस्तुरा तीन वर्षांमागं गेली. बालाजी पुण्याला कंपनीत आहे. रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो, मी हो म्हणतो, संपलं बोलणं. क्वार्टरमध्ये आता मी आणि लशीचा फ्रीज. घरात आवाज करणारा तेवढा एकच.

आता कामाचं. ३१ मेला मी रिटायर होतोय. तालुक्याचे साहेब म्हणतात, या जागेवर नवा पशुधन पर्यवेक्षक येणार नाही. चार्ज जिंतूरकडं, दवाखाना मंगळवारी तेवढा उघडायचा, आणि पुढं तोही बंद. तुम्हाला जून महिना मी काय सांगावा? वाडीची मेंढरं दिवाळीनंतर गोदाकाठाला उतरतात आणि मृगाच्या आत माघारी येतात. नवं गवत फुटायच्या आधी लस टोचली नाही तर आंत्रविषार, रातोरात मेंढरं मारणारा रोग. त्यातही कळपातलं सगळ्यात गुबगुबीत कोकरू आधी जातं. आणि लस ही काही मंगळवारची वाट बघणारी चीज नाही. फ्रीजमधून काढली की ऊन तापायच्या आत मेंढरांच्या वाड्यावर पोचावी लागते.

आमदार साहेबांना निवेदन द्यायचं ठरवलंय. आपल्याला नोकरीत असताना तसं जाता येत नाही, म्हणून अर्ज येडबाच्या नावानं. तुमच्या वेळी लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन आला होता तोच येडबा. मजकूर माझा, अंगठा त्याचा. चार पानं झाली, चौदा मागण्या. सोबत जोडलंय. डाव्या बाजूला जागा सोडली आहे. तुमच्या लाल पेनाला एके काळी सगळा तालुका भ्यायचा, मी तर लयच. तेवढा एकदा फिरवा आणि परत पाठवा. तिकीट लावलेलं पाकीट आत आहे.

मागचं काही काढत नाही. तुम्हीही काढू नका.

तुमचा
पंडित


९ फेब्रुवारी

रंगनाथराव,

पाकीट आलं नाही. असो, सोनपेठचं पोस्ट उशिरा चालतं असं मी मनाला सांगितलं.

निवेदन तसंच दिलं. मी, येडबा आणि त्याची बायको भिवराबाई, तिघं जिंतूरला साहेबांच्या संपर्क कार्यालयात गेलो. मेंढरं पोरांच्या हवाली करून दोघं गोदाकाठावरून खास आली होती. शाल घेतली, नारळ घेतला, हार घेतला. भिवराबाई म्हणाली, "सत्कार करायला चाललाव का मागायला?" मी म्हणालो, बाई, रीत असते. माझं ऐकलं बिचारीनं.

दीड तास बसलो. पुढं एक समाजमंदिरवाले, एक पुतळ्यावाले, एक बदलीवाला. नंबर आला तसा पीएनं आम्हाला ओळीत उभं केलं, कागद साहेबांच्या आणि येडबाच्या हातात असा अर्धा अर्धा धरायला लावला आणि फोटो काढला. मी कडेला सरकलो, फोटोत यायला नको म्हणून. साहेब माणूस गोड आहे, खोटं कशाला बोलू. पहिलं पान बघितलं, मागची तीन उलटून बघितली. म्हणाले, "चौदा मागण्या? बरं. बघू, मार्गी लावू." आणि कागद पीएकडं गेला. येडबानं तोंड उघडलं तोवर पाठीमागचा हारवाला पुढं आला होता.

परत येताना बसमध्ये भिवराबाई खिडकीबाहेर बघत होती. जिंतूर सुटल्यावर म्हणाली, "डॉक्टर, मेंढराचं नावच निघलं न्हाई की." मी म्हणालो, लिहिलंय की बाई, अकरा नंबरला. ती काही बोलली नाही. तुम्हीही बोलत नाही. मला असल्या गप्प माणसांची सवय व्हायलीय.

संध्याकाळी गावच्या ग्रुपवर फोटो आला. शंभर जणांनी हात जोडले. मी पण जोडले.

पंडित


१८ मार्च

रंगनाथराव,

दोन गोष्टी सांगतो. हसाल.

एक, मागणी क्रमांक नऊ मंजूर झाली. दवाखान्याला नवा बोर्ड आला. लय मोठा, लोखंडी, निळ्या रंगाचा. दवाखान्याचं नाव बोटाएवढं आणि साहेबांचं नाव हाताएवढं. बंद पडायला निघालेल्या दवाखान्याला बोर्ड! नवरदेव पळाला आणि मांडव सजला, तशातली गत. मागणी क्रमांक अकरा, माझ्यानंतर माणूस द्या ही, तिच्याबद्दल चकार शब्द नाही.

दुसरी गोष्ट त्याहून वरताण. आज टपालात एक जाड पाकीट आलं. उघडलं तर माझंच निवेदन. आमदार कार्यालयातून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून खोरवाडीला. प्रत्येक ठिकाणचा शिक्का, प्रत्येक ठिकाणची तिरकी सही. मेंढरू कुठंही चरून येऊ द्या, शेवटी आपल्याच वाड्यावर येतं. वर चिकटवलेला कागद: सदर तक्रारीबाबत आपला स्वयंस्पष्ट अहवाल तीन दिवसांत सादर करावा. म्हणजे तक्रार मीच लिहिली, आणि ती खरी का खोटी ते मीच सांगायचं. मी खुर्चीत बसून एकटाच मोठ्यानं हसलो. बाहेर बांधलेली म्हैस दचकली.

मग तालुक्याच्या साहेबांचा फोन आला. आवाज लय मऊ होता. म्हणाले, पंडितराव, आयुष्यभर कुणाच्या अध्यात ना मध्यात, शेवटच्या दोन महिन्यांत कशाला डोक्याला ताप. नेहमीचा मजकूर पाठवा, सेवा सुरळीत आहे, तक्रारीत तथ्य नाही. तुमचे पेन्शनचे कागद माझ्याच टेबलावर आहेत, आजच पुढं ढकलतो.

तीन दिवस आहेत. विचार करायलोय. तुम्ही असता तर काय केलं असतं ते मला विचारायची गरज नाही, ते ठाऊक आहे. म्हणूनच विचारत नाही.

पंडित


२ एप्रिल

रंगनाथराव,

इकडं ऊन पेटलंय. दुपारी विजेचा लपंडाव, फ्रीजला ओलं पोतं गुंडाळून बसतो. तुम्हीच शिकवलेलं.

तो अहवाल पाठवून दिला. साधाच. विशेष काही नाही.

तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? निकिता म्हणाली होती, जिना चढवत नाही म्हणून.

पंडित


२१ एप्रिल

रंगनाथराव,

आज खरं लिहितो. नंतर हे पत्र फाडा, जाळा, काय करायचं ते करा.

काल भिवराबाई आली. वाडीत आता शिकलेली पोरं पुष्कळ आहेत, पण सरकारी कागद आला की तो माझ्याकडंच येतो. म्हणतात डॉक्टरनं वाचला की समजतो. येडबाच्या नावानं आमदार कार्यालयातून पत्र आलं होतं, कुणीतरी गोदाकाठाला पोचतं केलं होतं. ते पदरात बांधून ती दोन बस बदलून आली. पायरीवर बसली, गाठ सोडली आणि म्हणाली, "वाचा की. काय म्हंतेत साहेब?"

मी वाचलं. आपल्या निवेदनाच्या अनुषंगाने, संबंधित दवाखान्याच्या अहवालानुसार, सदर ठिकाणी सेवा सुरळीत चालू असून पुढेही तशीच राहील, तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. माझंच वाक्य, रंगनाथराव. माझ्याच तोंडानं तिला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, संबंधित म्हणजे कोण. मी म्हणालो, असतात ऑफिसात. तिनं मान हलवली. मग म्हणाली, "ज्यानं कुणी लिवलं, त्यानं आपली मेंढरं बघितली नसतील. त्याला काय दोष द्यावा." आणि पिशवीतून माझ्यासाठी आणलेलं दही काढून ठेवलं.

दही तसंच आहे. वर ताटली झाकून ठेवलीय.

म्हणजे मी परत तेच केलं. तेवीस वर्षांपूर्वी केलं तेच. मागचं काढू नका असं मीच पहिल्या पत्रात लिहिलं होतं, आता मीच काढतो.

त्या वेळचं निवेदन तुमचं होतं. खोरवाडीच्या फ्रीजला वीज नाही, लस गरम होऊन वाया जाते, मेंढरं लस टोचूनही मरतात आणि बोल पर्यवेक्षकांना लागतो. एक पान. तालुक्यातल्या पाच जणांच्या सह्या, पहिली तुमची आणि तिच्याखाली माझी. तुम्ही ते त्या वेळच्या आमदारांना दिलं आणि ऑफिस पेटलं. मला तेव्हाच्या तालुक्याच्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर बदल्यांची यादी होती, तिच्यात माझं नाव सोनपेठला. कस्तुराला सातवा महिना. साहेब म्हणाले, दोन ओळी लिहून द्या, नाव खोडतो. मी दोन ओळी लिहिल्या. तुम्हाला त्या पाठ असतील, मलाही आहेत. सदर निवेदनावरील माझी सही माझी दिशाभूल करून घेण्यात आली आहे. मजकुराशी मी सहमत नाही.

माझं नाव खोडलं आणि त्याच जागी तुमचं लिहिलं. तुम्ही सोनपेठला गेलात आणि मी तुमच्या खुर्चीत आलो. तुम्ही स्टँडवर मला एवढंच म्हणालात, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. त्यानंतर आजपर्यंत एक शब्द नाही.

अजून एक आहे, ते तुम्हाला माहीत नाही. तुमच्या आई इथं वाडीतच राहिल्या होत्या ना, सोनपेठला येत नाही म्हणून हटून. शेवटच्या वर्षी मी दर दोन दिवसांनी त्यांच्याकडं जायचो. गोळ्या आणून द्यायचो, पाणी भरून द्यायचो. त्यांना तुम्ही माझं नाव सांगितलं नव्हतं. त्या मला तुमचा मित्र समजून चहा करायच्या आणि म्हणायच्या, रंग्याला कुणी दगा दिला रं, तुला मालूम असंल. मी चहा प्यायचो. प्रत्येक वेळी प्यायचो, रंगनाथराव.

मला वाटायचं, एवढं केलं की फिटलं. काही फिटत नाही. मला लाज वाटते. तेवढंच सांगायचं होतं.

उद्या तालुक्याला जाऊन नवा कागद देणार आहे. माझा अहवाल खोटा होता, तो मी मागं घेतो, असा. साक्षीला कुणी नाही.

पंडित


८ मे

रंगनाथराव,

तुमचं पाकीट मिळालं.

चार महिन्यांपूर्वी मी लावलेलं तिकीट, तेच पाकीट. आत माझी चार पानं आणि त्यावर लाल पेन. पत्र नाही, नमस्कार नाही, खाली नावसुद्धा नाही. पण ते ठ चं पोट फुगवायचं तुमचं वळण मी अंधारातसुद्धा ओळखीन. मी पानं टेबलावर पसरली आणि ओळ ओळ वाचत गेलो.

तेरा मागण्यांवर आडवी रेघ. भिंत गेली, नळ गेला, जनावरं अडकवायचा खोडा गेला, बोर्ड गेला. अकराव्या मागणीला गोल, आणि बाण थेट पहिल्या ओळीवर. समासात लिहिलंय: चौदा मागितल्या की साहेब त्यातली हलकी उचलतात. एकच मागा. खाली: कोणाची मेंढरं? नाव, गाव. कोणत्या तारखेच्या आत? आणि शेवटी, जरा दाबून लिहिलेलं: जिची मेंढरं, तिनं बोलावं. तुम्ही गप्प बसा.

गप्प बसायचं मला चांगलं जमतं, म्हणून लिहिलंत का कोण जाणे. असू द्या. जे लिहिलंत ते खरं आहे.

मी अहवाल मागं घेतल्याचा कागद दिला तसं ऑफिसातलं कुणी माझ्याशी बोलत नाही. कारणे दाखवा नोटीस आली. पेन्शनचे कागद होते तिथंच आहेत. जिंतूरच्या दवाखान्यातल्या रामनं रस्ता ओलांडून जाताना मला बघितलं आणि मोबाइल कानाला लावला. मोबाइल बंद होता, मला दिसलं. रोज दवाखाना उघडतो, जनावरं बघतो, संध्याकाळी कुलूप लावतो. दिवसभरात माणसाशी दहा वाक्यं होत नाहीत.

आता एक पान लिहिलंय. तुमच्या लाल रेघांमधून जेवढं उरलं तेवढंच.

पंडित


२७ मे

रंगनाथराव,

काल परत आमदार साहेबांकडं गेलो. हार नाही, नारळ नाही. पीएला आधी फोन करून पाच मिनिटं मागितली आणि काम काय ते एका वाक्यात सांगितलं. तुम्ही सांगितल्यासारखं भिवराबाई बोलली, मी मागं उभा राहिलो.

ती अशी बोलली की पीएनं मोबाइल खाली ठेवला. म्हणाली, साहेब, सांजच्याला कोकरू उड्या मारतंय, सकाळी बघावं तर ताठ. दूध पिऊन गुबगुबीत झालेलं तेच आधी जातंय. आमच्या वाडीचे अकरा वाडे, समदे मृगाच्या आत येणार. हे डॉक्टर पहाटं लशीचा डबा घेऊन वाड्यावर येतेत म्हणून जगतंय. ते घरी बसल्यावर कोण येणार, तेवढं सांगा. मंगळवारची वाट बघ म्हणून मी कोकराला कसं सांगू?

साहेब हसले नाहीत. खुर्ची पुढं ओढली. आजार कसा होतो, लस किती दिवस आधी लागते, सगळं विचारलं. मग पीएनं फाइल आणली. साहेबांनी वाचली आणि कपाळाला आठी घातली. म्हणाले, बाई, इथं तर दवाखान्याचाच अहवाल आहे, सगळं सुरळीत आहे म्हणून.

तुम्ही गप्प बसायला सांगितलं होतं. पण इथं गप्प बसणं झालं नाही. मी पुढं आलो आणि म्हणालो, "तो अहवाल माझा आहे साहेब. खोटा आहे."

भिवराबाईनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, पण बघितलं. मला तिच्याकडं बघवलं नाही.

साहेबांनी कागद मिटला. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तेव्हा खोटं बोललात का आता बोलताय, हे मी कसं ओळखू? अधिवेशनात मी प्रश्न लावीन. पण मंत्र्यांनी तुमचाच कागद माझ्यापुढं वाचला तर मी काय सांगू? तुमच्या खात्यातला दुसरा एक माणूस आणा. हे खरं आहे असं सहीनिशी म्हणणारा. पाच तारखेपर्यंत."

मी त्यांना काय दोष देऊ? माझ्या शब्दाला वजन नाही, ते मीच तेवीस वर्षांपूर्वी घालवलं.

तालुक्यात सगळ्यांना विचारून झालं. राम म्हणाला, पंडितराव, माझी पोरं शिकायलीत. मला त्याचा राग आला नाही. राग यायला तोंड कुठं आहे मला. एक जण म्हणाला रजेवर आहे, एकानं दारच उघडलं नाही.

सोबत ते एक पान आहे. भिवराबाईचा आणि येडबाचा अंगठा आहे, माझी सही आहे. खाली जागा आहे. तुम्ही खोरवाडीला नऊ वर्षं होता, जूनचे नऊ हंगाम तुम्ही लस टोचलीत. खात्यातले आहात, रिटायर आहात, तुमचं कुणी काही बिघडवू शकत नाही. एवढं सगळं लिहून झालं तरी, मी कोणत्या तोंडानं तुमच्याकडं सही मागायलोय ते मला समजतंय. तुम्ही नाही केलीत तर मी म्हणणार नाही की का नाही केली.

पंडित


७ जून

रंगनाथराव,

३१ तारखेला रिटायर झालो. निरोपाला ऑफिसातून कुणी आलं नाही. चार वाजता मीच रजिस्टर बंद केलं, फ्रीजवर हात ठेवून उभा राहिलो आणि किल्ली पाकिटात घालून जिंतूरला दिली. बालाजीचा फोन आला, बाबा आता पुण्याला या म्हणाला. मी म्हणालो, येतो, जून होऊ दे. वाडीतच एक खोली घेतलीय.

भिवराबाई चार दिवस माझ्याकडं आली नाही. पाचव्या दिवशी आली, दाराबाहेरच उभी राहिली. म्हणाली, "माझ्यापुढं वाचलं तवाच सांगायचं व्हतं." मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "म्या दही दिलं की तुमाला." मी परत हो म्हणालो. मग ती येडबाच्या कळपाला सामोरी गेली. माफ केलं म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही.

चार तारखेला पाकीट आलं. पोस्टातल्या बाईंनी हातात दिलं तेव्हा ते लय हलकं लागलं. मला वाटलं, कोरं पाठवलंत. तिथंच उभ्यानं फोडलं नाही. खोलीवर आलो, पाणी प्यालो, मग फोडलं.

पाच तारखेला साहेबांकडं नेऊन दिलं. साहेबांनी वाचलं, तुमच्या सहीवर बोट ठेवून विचारलं, हे कोण. मी म्हणालो, खोरवाडीचे खरे डॉक्टर. पीए म्हणाला, लाल शाईची सही चालत नाही. साहेब म्हणाले, चालते, लाव प्रश्न. तिथूनच जिल्ह्याला फोन केला. जून महिनाभर जिंतूरचा माणूस रोज येणार, लस कालच पोचली. जागा भरणार का ते अधिवेशनात समजेल. आज पहाटे तो नवा माणूस डबा घेऊन आला, त्याला वाडे माहीत नाहीत, मी पुढं चाललो. येडबाची मेंढरं टोचून झाली. भिवराबाईनं कोकरं धरली आणि मला म्हणाली, तिकडचं धरा. मी धरलं.

तुमच्या पाकिटात पत्र नव्हतं, या वेळीही नाही. ते मी आता मागत नाही. साहेबांना देण्याआधी मी त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवली. आता समोर आहे. माझ्या सहीच्या खाली तुमची सही, आणि तिच्याखाली तुमच्या हातची ती दोन वाक्यं.

"ही सही मी माझ्या मर्जीने केली आहे. माझी कोणीही दिशाभूल केलेली नाही."

पंडित